डावीकडची सीट

युरोपला जायचं ठरलं आणि पुढचे पाच महिने आमच्या डायनिंग टेबलावर कुणी जेवलं नाही. टेबलावर नकाशे, नवऱ्याचा लॅपटॉप आणि तीन रंगांचे हायलायटर. आम्ही सोफ्यावर, मांडीवर ताट घेऊन. अठरा दिवस, सहा देश, भाड्याची एक गाडी आणि आम्ही दोघं, असा बेत होता. मुलगी एकोणीस वर्षांची, इथंच, ऑकलंडपासून दीड तासावरच्या हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत शिकते. तिला विचारलं, येतेस का? तर म्हणाली, "एटीन डेज? इन अ कार? विथ यू टू? नो थँक्स, मम."

नवरा इंजिनिअर. दूध पावडरीच्या कारखान्यांत यंत्रं बसवण्याचं काम करतो. कुठलीही गोष्ट एक्सेलमध्ये गेल्याशिवाय ती खरी आहे असं त्याला वाटत नाही. आमचं लग्न एक्सेलच्या आधी झालं म्हणून झालं, असं मी नेहमी म्हणते. तर या सहलीचाही तक्ता झाला. दिवस, देश, अंतर, मुक्काम, चहा, स्वच्छतागृह. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांना त्याने न बघताच पाचपैकी गुण दिले होते. शेवटचे दोन रकाने होते 'चालक' आणि 'सहचालक'. चालकाच्या रकान्यात अठराच्या अठरा दिवस तो. माझ्या रकान्यात लिहिलं होतं: नकाशा, खाणं, मूड.

"मूड म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तू चिडायचं नाहीस."

ते वाचून मी लगेच चिडले. कारण मला गाडी चालवायची होती. सगळे अठरा दिवस नाही, पण तो आल्प्समधला घाट तरी. वळणावर वळणं असलेला तो रस्ता मी फोनवर इतक्या वेळा पाहिला होता की त्यातल्या गाई मला ओळखीच्या झाल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, मग चालव की. इथंच घोडं पेंड खातं. मी फार्मसिस्ट आहे. रोज सकाळी आमच्या वायकाटो भागातल्या धुक्यातून वीस मिनिटं गाडी चालवत कामावर जाते. पुण्यात असताना तर माझ्या स्कूटरला रिक्षावाले वाट द्यायचे. पण आम्ही दोघं एका गाडीत असलो की गाडी तो चालवतो. हा नियम कुणी केला, कधी केला, ठाऊक नाही. आणि तो फक्त आमच्याच घरात नाही. ऑकलंडला, माउंट रॉस्किलला मराठी मंडळाचा कार्यक्रम संपला की पार्किंगमध्ये उभं राहून बघावं. एकूण एक बायका डावीकडच्या सीटवर, मांडीवर रिकामं पातेलं. त्यातली एक हृदयाची ऑपरेशनं करते. तिच्याही मांडीवर पातेलं.

लग्नाच्या सव्वीस वर्षांत मी किल्ली कधी मागितली नाही, हेही कबूल करते. मागायची कशाला? त्याने आपणहून विचारायला नको? मात्र जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी गुपचूप स्वतःचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिलं. विचारलंच कधी, तर तोंडावर फेकायला.

युरोपात गाडी उजवीकडून चालवतात आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. म्हणजे सगळं आपल्या उलट. याचा सराव घरातच करायचा असं नवऱ्याने जाहीर केलं. घरात उजव्या बाजूने चालायचं, असा फतवा निघाला. बोळातून येताना तो उजवीकडून आणि त्याच्या समोरून सवयीने डावीकडून येणारी मुलगी, अशी दोघांची टक्कर होऊन तिची कॉफी कार्पेटवर सांडली. मग डायनिंगच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून, डाव्या खुर्चीवर बसून, हातात स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरून तो म्यूनिक ते इन्सब्रुक जाऊन आला. मी शेजारच्या खुर्चीत. नकाशा आणि खाणं माझ्याकडे होतंच, मूड नव्हता.

राउंडअबाउटचा सराव कॉफी टेबलाभोवती चालायचा. इथं आपण राउंडअबाउटला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातो. तिकडे उलटे. तो चार फेऱ्या उलट्या मारायचा आणि पाचवीला हटकून सुलटा वळायचा.

"अरे, काय होतंय तुला?"

"प्रदक्षिणा सुलटीच घालतात गं! आयुष्यभराचं वळण आहे. पाय ऐकत नाहीत."

"कॉफी टेबल आहे ते. गणपती नाही."

"नो वे," मुलगी जिन्यावरून म्हणाली आणि तिने त्याचा व्हिडिओ काढला.

मी हसले खरी, पण मनातून धुमसत होते. ताटसुद्धा त्याच्याच हातात! एकदा मी म्हटलं, "दे, मी जरा बघते." तर म्हणाला, "थांब, इटलीची हद्द येतेय." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आमची गत. पण मी एकदाही सरळ म्हटलं नाही, की मला घाट चालवायचाय. टोमणे मात्र रोज मारले. 'ब्रेक उशिरा लावलास' हा टोमणा मी खुर्चीत बसलेल्या माणसालाही मारला.

खरी गाडी मिळाली ती माझ्या दुकानामुळे. ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला एक म्हातारे शेतकरी येतात. शहराबाहेर त्यांच्या गाई आहेत आणि शेडमध्ये एक जुनी, बोटीएवढी लांब अमेरिकन गाडी आहे. स्टिअरिंग डावीकडे. आमची ताटाची गोष्ट ऐकून ते काउंटरला धरून हसले आणि म्हणाले, "रविवारी या. माझ्या शेतातल्या रस्त्यावर हवी तेवढी फिरवा. गाई काही बोलत नाहीत."

रविवारी गेलो. नवऱ्याने तक्त्याचं प्रिंटआउट आणलं होतं आणि मी डब्यात थालीपीठ. शेतकऱ्यांनी गमबूट घातले होते. त्यांनी किल्ली गाडीलाच लावलेली आहे म्हणून सांगितलं, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणाले आणि कुंपणाला टेकून उभे राहिले. नवरा गंभीरपणे गाडीभोवती फिरला, टायरला पाय लावून बघितला. मग आम्ही दोघं गाडीत बसलो, दारं लावली, पट्टे बांधले.

नवऱ्याने स्टिअरिंगकडे हात नेला आणि तो हवेतच राहिला.

नवरा नेहमीप्रमाणे उजवीकडच्या दाराने चढला होता. मी नेहमीप्रमाणे डावीकडच्या. त्याच्यापुढे होता नुसता कप्पा. स्टिअरिंग माझ्यापुढे होतं. पाच महिने सराव करून, म्यूनिक ते इन्सब्रुक दहा वेळा जाऊन, खरी वेळ आली तेव्हा इतक्या वर्षांची सवय आम्हाला आपापल्या जागी नेऊन बसवून मोकळी झाली होती. माझ्या मांडीवर थालीपिठाचा डबादेखील होता.

कुंपणापाशी म्हातारबाबा हसून हसून डोळे पुसत होते.

आता हा म्हणणार, उतर, जागा बदलू. मी पर्सकडे हातही नेला. म्हटलं, बोलू दे, आज परमिट काढतेच. पण तो समोरच्या कप्प्याकडे बघत बसला होता. मग त्याने माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"जा," म्हणाला.

मी निघाले. पहिल्यांदा इंडिकेटरऐवजी वायपर लागले, कोरड्या काचेवर कुरकुरले. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला ओढ घेत होती, मी तिला उजवीकडे दटावत होते. दूध काढायच्या शेडपाशी गोल वळण होतं, ते मी उलटं घेतलं. बरोब्बर! मोठ्याने हसले. किती दिवसांनी अशी हसले असेन कोण जाणे. मला वाटत होतं, याने बघावं, काहीतरी म्हणावं. शेजारी बघितलं तर तो तळहाताने गुडघा चोळत होता.

पुढे गाई रस्ता ओलांडत होत्या. मी गाडी थांबवली.

"मला हे कधीच आवडलं नाही," तो म्हणाला.

"माझं चालवणं?"

"गाडी चालवणं. कधीच. इथं तुमच्या आधी मी एकटा आलो होतो ना, तेव्हा पहिल्यांदा हायवेवर गेलो. मोठा ट्रक बाजूने गेला आणि मी पुढे जाऊन गाडी कडेला लावून अर्धा तास बसून राहिलो. पण तू येणार होतीस, दोन वर्षांची पोर घेऊन. कुणीतरी चालवायला हवी होती."

"आणि तो घाट?"

"त्याचा व्हिडिओ आला की मी फोन पालथा ठेवतो. एक्सेल उघडलं की जरा बरं वाटतं."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"तू कधी किल्ली मागितली नाहीस. मला वाटलं, तुला नको असेल."

गाई चालल्या होत्या, एकीमागून एक, कसलीही घाई नसलेल्या. मला त्याचा राग आला, त्याहून माझा आला आणि मग रडूच आलं. सतरा वर्षं या माणसाने मनात ही भीती घेऊन मला समुद्रावर नेलं, दवाखान्यात नेलं, मंडळाच्या कार्यक्रमांना नेलं. आणि मी शेजारी बसून सांगत होते, ब्रेक उशिरा लावलास. मी रडतेय असं बघून त्याने घाईने डबा उघडला आणि मला थालीपीठ दिलं. दुसरं काय करावं ते त्याला कळत नाही. मी खाल्लं.

परत निघताना आमच्या स्वतःच्या गाडीशी तो सवयीने उजव्या दारापाशी गेला, थांबला, आणि वळसा घालून येऊन त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी हायवेला लागले. ट्रक होते, मी सफाईने लेन बदलली, आरसे बघितले, अंतर राखलं. इतकं चांगलं मी आयुष्यात चालवलं नसेल. आता तरी काही म्हण, असं म्हणत मी डावीकडे बघितलं.

तो झोपला होता. तोंड उघडं, मान खिडकीला, चक्क घोरत होता. मी किती छान चालवते ते बघायला गाडीत कुणी जागं नव्हतं.

आमची गल्ली आली. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ पुढे गेले.