स्वतःच्या मर्जीनं

"केस इथीच मिटते, लाव या कागदावर अंगठा," डॉक्टर म्हणाला. चंद्रपूरच्या कोर्टाचा व्हरांडा, भरगच्च माणसं. त्यानं माझं मनगट धरलं अन् अंगठा शाईच्या डबीत दाबला. बैलाच्या कानाले बिल्ला मारावा तसा. बाजूच्यायले सांगे, "झाडूवाली आहे हो. सुया टोचत सुटली."

लोक हासले.

आता झाडूवालीच्या हातात सुई आली कशी, ते ऐका.

गोंडपिपरीकडल्या एका गावात याचा दवाखाना. एकोणीस वर्षं मी तिथी झाडलं, पुसलं. आम्ही बौद्ध. माझा चहाचा कप मागच्या खिडकीत, वेगळा. पण दुपारी जेवून आडवा झाला का हाच म्हणे, "ॲप्रन घाल, सुया देऊन टाक." ॲप्रन घातला का मी सिस्टर. काढला का पुन्हा खिडकीतला कप. अन् खोटं काऊन बोलू, मले तो ॲप्रन आवडे. पेशंट "सिस्टरबाई" म्हणत, तं छाती फुगे माझी.

मग ती पोरगी आली. दहा वर्षांची, तापानं फणफणलेली. त्यानं पडल्या पडल्या आवाज देला, "दे एक कमरेत." मी देली. पोरगी किंचाळली. चौथ्या दिवशी पाय उचलेना. सुई भलत्या जागी गेली, नस दुखावली. आजही पंजा घासत चालते. हात माझा होता. तो मी कोणावर ढकलत नाई.

तिच्या बापानं डॉक्टरायच्या कौन्सिलकडे अर्ज केला. यानं लिहून देलं, मी दवाखान्यात नव्हतो, बाईनं परस्पर देली. झालं. कौन्सिल गेली कोर्टात, माझ्यावर: हिले इलाज करायची मनाई करा. अन् हा राह्यला साक्षीदार.

आता व्हरांड्यातला तो कागद. त्याले वाटे मले वाचता येत नाई. औषधं बांधायच्या रद्दी पेपरावर मी एकटीच अक्षरं जुळवत बसे, हे त्यानं कधी पाह्यलंच नाई. मी मोठ्यानं वाचलं. "मी स्वतःच्या मर्जीने व डॉक्टरांच्या नकळत इंजेक्शने देत होते."

नकळत?

"साहेब, ॲप्रन कोणाचा होता?" म्हटलं. अंगठा पदराले पुसला अन् आत गेली.

आत माझी वकीलबाई उभी झाली. सरकारकडून फुकट मिळालेली, माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "कौन्सिलनं स्वतःच्या नोंदणीतल्या डॉक्टरांना शिक्षा करावी. बाहेरच्या बाईवर मनाई मागायचा अधिकार त्यांना कोणत्या कलमानं दिला, ते दाखवा." कौन्सिलचा वकील पुस्तक चाळू लागला. पानं उलटवे अन् घाम पुसे. ही माझ्या कानात, "मावशी, सुटलो आपण. आता एक शब्द बोलू नका."

सुटलो? म्हणजे उद्या कोणी दुसरा ॲप्रन देईल, अन् मी घालीन?

मी उठली. "जजसाहेब, त्यायले हक्क आहे का नाई, ते तुमी पाहा. मले मनाई मान्य आहे. आजच लिहा. मी डॉक्टर नाई. माझ्या हातानं पोरीचा पाय गेला. पण मर्जीनं लिहू नका. डॉक्टरच्या हुकुमानं लिहा."

"बाई, डॉक्टर या दाव्यात पक्षकार नाहीत. बसा."

मनाई झाली. मी कबूल केलं, म्हणून कलमाची गोष्ट तशीच राह्यली. निकालात डॉक्टरचं नाव कुठीच नाई. गाडीत बसता बसता हासला, "आता झाडू तरी कोण देते पाहतो तुले."

वकीलबाई चिडली. "हातातली केस घालवली तुम्ही."

नाई घालवली, माय. बिनसर्टिफिकेटच्या बाईमागे ही कौन्सिल कोर्टापर्यंत येते. तं सर्टिफिकेटवाल्यासाठी तिच्या दारी मी जाईन. अर्ज लिहून झाला, माझ्याच अक्षरात. पहिला गुन्हा माझा लिहिला, खाली त्याचा. त्याच्या नावापुढं शिक्षा लिहिल्याशिवाय मी तिथून उठणार नाई.