गुडघ्याचं मलम आणि घरी जोडलेला कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या बहिणीला मुलानं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी टेबलाखाली होतो.

लपलो नव्हतो. वायर धरून बसलो होतो. पण ते पुढं येईल.

मी नांदेडला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली पुढं सरकवतो (किंवा न्हाई सरकवत). त्यामुळं आयुष्यात आपल्या हातानं काहीतरी उभं करावं, अशी मला फार दिवसांची ओढ होती. शेजारच्यानं घर बांधलं. साडूनं कुक्कुटपालन काढलं. मी ठरवलं, आपण कॉम्प्युटर जोडायचा. सुटे भाग आणायचे, आपणच बसवायचे.

"तयार मिळत न्हाई का दुकानात?" बायकोनं, म्हणजे शीतलनं, विचारलं.

"तयार घेण्यात काय मजा हाय?"

"हाव का? मग मी तयार पापड आणले तवा तुम्ही 'वा वा' करून सगळे खाल्ले ते?"

मोठ्या कामाला निघालेल्या माणसानं पापडात अडकू नये.

तीन महिने मी मोबाइलवर कॉम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ पाहिले. जेवताना पाहिले, दाढी करताना पाहिले (हनुवटीवरची खूण अजून आहे). एकेक भाग मागवत गेलो. राहिलं फक्त ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र झकास दाखवणारा भाग. नवं परवडेना. तेवढ्यात जुन्या वस्तूंच्या एका साइटवर लातूरची जाहिरात दिसली. मी एसटीत बसून थेट लातूर गाठलं.

क्लासेसच्या भागातलं घर. दार एका बाईंनी उघडलं. त्यांची मुलगी नीटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती आणि पहिल्यांदा जे झालं त्याचा बाईंचा सगळा राग त्या कार्डावर होता.

"गेम खेळून राहिली होती दिवसरात! काढून ठिवलं मी लपवून," असं म्हणत त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, तुरीच्या डाळीची कोठी उघडली, कोपरापर्यंत हात घातला आणि ग्राफिक कार्ड बाहेर काढलं.

"डाळीत?"

"तिथं ती कधीच हात घालत न्हाई. कामाला हात लावायचं नको तिला."

मी कार्ड झटकलं, पिशवीत टाकलं आणि लातूरच्या बाजाराबद्दल आदर घेऊन परतलो.

आता या सगळ्यात घाई कशाची होती? तर सुजाताच्या लग्नाची. सुजाता माझी धाकटी बहीण. भोकरच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते. तिला लातूरचं स्थळ आलं होतं. मुलगा सिद्धार्थ, जर्मनीत नोकरीला. त्याचे आईवडील रविवारी आमच्याकडं येणार आणि मुलगा तिकडून व्हिडिओ कॉलवर बोलणार, असं ठरलं. माय म्हणाली, "मोबाइल हाय की." मी म्हणालो, "मोबाइलवर काय दिसतं? नाक दिसलं तर कान न्हाई! मोठ्या पडद्यावर दाखवतो. रविवारपर्यंत कॉम्प्युटर तयार करतो."

हे वाक्य मी आठ माणसांसमोर बोललो. इथंच गाडी घसरली.

रविवारी सकाळी मी हॉलमधल्या सतरंजीवर सगळे भाग मांडले. आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, पण घाबरू नका. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. ते फार तापतं. म्हणून त्याच्यावर पंखा बसवतात आणि दोघांच्या मध्ये एक काळपट राखाडी मलम लावतात. मलम नसेल तर डोकं तापून कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. मलमाची छोटी ट्यूब माझ्याकडं होती. म्हणजे सकाळी आठपर्यंत होती.

"इथली ट्यूब कुणी घेतली?"

"मी," आतून बाबांचा आवाज. "गुडघ्याला लावली."

आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेलेला. घरात दिसेल ती ट्यूब त्या गुडघ्यावर संपते.

"बाबा, ते कॉम्प्युटरचं मलम हाय!"

"मग काय झालं? त्याच्यावर कूलिंग लिवलंय. मला इंग्रजी वाचता येतं."

"सगळं लावलं?"

"दोन येळा. लई गार वाटून राहिलं बघ."

मी गुडघा पाहिला. तवा घासायच्या आधी दिसतो तसा दिसत होता. रविवार असल्यामुळं दुकानं बंद, पाहुणे साडेअकराला यायचे. मी घाईघाईनं इंटरनेटवर शोधलं, तर एका महाभागानं लिहिलं होतं की, अडीनडीला टूथपेस्टही चालते!

मी बाथरूमकडं पळालो. शीतल दारातच होती.

"आता टूथपेस्ट कशाला?"

"कॉम्प्युटरला लावायला."

ती शांतपणे म्हणाली, "लाल लावता का पांढरी?"

पांढरी लावली. पंखा बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काही नाही. वायरी काढून पुन्हा जोडल्या. काही नाही. पाऊण तास झाला. घामानं निथळत मी "मदरबोर्ड गेला" असं जाहीर केलं, तेव्हा केर काढता काढता शीतल वाकली आणि म्हणाली, "अहो, मागचं बटण बंद हाय की."

टक्! कॉम्प्युटर चालू झाला! आणि ग्राफिक कार्डाचे पंखे फिरताच तड तड तड तड असा आवाज करत आतून तुरीची डाळ उडायला लागली. एक दाणा माझ्या चष्म्यावर, दोन टीव्हीवर, बाकीची हॉलभर! आणि त्याच मुहूर्तावर दारात आवाज आला, "जयभीम!"

पाहुणे आले होते.

मुलाच्या आई ताठ बसणाऱ्या, नजर चौफेर. वडील लातूरच्या एका डाळमिलमध्ये जन्मभर मुकादम होते. बसता बसता त्यांनी सोफ्यावरचा एक दाणा उचलला, दातानं फोडला आणि पसंतीची मान हलवली.

"फटका डाळ हाय, एक नंबरची. कुठून घेतली?"

"ग्राफिक कार्डातून," मी म्हणालो. खोटं बोलायला सुचलंच नाही.

बारा वाजता कॉल लागला. पण मॉनिटरची वायर मागून ढिली होती. हात सोडला की पडदा काळा. म्हणून मी टेबलाखाली बसून ती दाबून धरली. वरती सिद्धार्थ भल्यामोठ्या पडद्यावर नाककानांसकट दिसत होता. सुजाता समोर बसली होती. त्यानं नोकरीचं सांगितलं, तिनं दवाखान्याचं सांगितलं, दोघं एकदा हसलेसुद्धा. खोलीत मंद पुदिन्याचा वास सुटला होता. मुलाच्या आई म्हणाल्या, "घर लई स्वच्छ ठिवता हो तुम्ही." शीतलनं ते मुकाट्यानं घेतलं.

मग पंखा ओरडायला लागला. तापल्यावर टूथपेस्ट वाळते, हे त्या महाभागानं लिहिलं नव्हतं!

सिद्धार्थ गंभीर होऊन म्हणाला, "एक गोष्ट आधीच सांगतो. नंतर कळण्यापेक्षा आत्ताच बरं. माझ्या घरात आधीपासून एक जर्मन..."

फट्. सगळं काळं.

"वायर सोडलीस का रे?" माय ओरडली.

"न्हाई! धरून हाय मी!"

"एक जर्मन काय?" मुलाच्या आईंचा आवाज कापत होता.

सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकच उंच, गोरी बाई उभी राहिली होती. शेवटी मायनंच धीर दिला, "जर्मनचं पातेलं असंल हो. परदेशात एकटं ऱ्हातंय पोरगं, भांडीकुंडी लागतातच की." (आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात.)

"पातेल्याचं कुणी आधी सांगतं का?" मुलाचे वडील म्हणाले. "कुत्रं असंल. तिकडं जर्मन शेफर्ड असतंय."

त्याच्या आईंनी फोन लावला. व्यस्त. कारण त्याच वेळी वडीलही लावत होते, आणि मायच्या सांगण्यावरून शीतलही. तिघं एकाच नंबरवर तुटून पडलेले! "बिझी लागतोय," मुलाच्या आई हुंदका आवरत म्हणाल्या, "तिच्याशी बोलत असंल!"

मी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन मिनिटांत पुन्हा फट्. मग सुजाता उठली, नव्या साडीत माझ्या शेजारी जमिनीवर बसली, मोबाइलचा उजेड आत पाडला आणि पंख्याच्या कडेचा पांढरा, वाळलेला ओघळ बोटानं खरवडून वास घेतला.

"दादा," ती हळूच म्हणाली, पण खोलीत इतकी शांतता होती की जर्मनीपर्यंत ऐकू गेलं असावं, "ही टूथपेस्ट हाय का?"

सगळे माझ्याकडं वळले. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबांना वाटलं की पोराची बाजू घ्यायला हवी. ते उभे राहिले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकवला आणि पाहुण्यांना पाय दाखवत म्हणाले, "त्याची काय चूक न्हाई. खरं मलम हे इथं हाय. लागत असंल तर खरवडून घ्या."

मुलाच्या आईंनी तो काळाकुट्ट गुडघा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गेलं स्थळ. माझ्या हौसेपायी बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. पण पदराआडून आवाज आला तो हसण्याचा! त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या पाण्याच्या वेळात तिघांनीही फोन ठेवले होते, म्हणून सिद्धार्थचा फोन आईला लागला. सुजातानं तो स्पीकरवर टाकून स्वतःच विचारलं, "जर्मन काय हाय तुमच्या घरात?"

"मांजर," तो म्हणाला. "शेजारीण गाव सोडून गेली, मांजर माझ्याकडंच राहिली. मराठी अजिबात कळत न्हाई तिला. चालंल का?"

"चालंल. अजून एक विचारू? तुम्ही कॉम्प्युटर कुठून घेता?"

"दुकानातून," सिद्धार्थ गोंधळून म्हणाला. "तयार."

सुजातानं मायकडं पाहिलं आणि मान डोलावली.

पाच महिन्यांनी नांदेडलाच लग्न झालं. पाहुण्यांनी काही मागितलं नाही. फक्त मुलाच्या आईंनी मला बाजूला घेऊन हात जोडून सांगितलं, "दादा, मंडपात वायरींपासून तेवढं लांब ऱ्हा." मी शब्द दिला.

विधी चालू असताना माइक बंद पडला. मी तेव्हा मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिलेबीच्या ताटापाशी उभा होतो. तरी शीतल पाचशे माणसांतून वाट काढत थेट माझ्यापाशी आली.

"कशाला हात लावला?"

काय हा अविश्वास! बारा वर्षांचा संसार, आणि नवऱ्याबद्दल हे मत! मी नुसता त्या साउंडवाल्याचा डबा कसा जोडलाय ते बघायला गेलो होतो.

(एकच वायर काढली होती. ती जास्तीची वाटली.)