हेमसिंग मास्तरांचं लाल विमान

आमच्या मंगरूळपीरवरून तेव्हा विमान क्वचितच जायचं, आणि गेलंच तर फार उंचावरून, भुंग्यासारखं गुणगुणत. लोक मान वर करून "गेलं बापा" म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. आमचे शेजारी हेमसिंग मास्तर मात्र हातातलं टाकून अंगणात येत आणि आवाज पार विरला तरी तिथंच उभे राहत. त्यांची बायको धनीबाई आतून ओरडायची, "या आता घरात. ते काई तुमाले घ्यायले खाली येत नाई."

मास्तर किन्हीराजाजवळच्या बंजारा तांड्यावरचे. हायस्कुलात सुतारकाम शिकवत. तरुणपणी विमानदलात भरती व्हायला नागपूरला गेले होते. धावले, लिहून दाखवलं, दात-कान तपासून झाले आणि शेवटच्या खोलीत डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची पानं पुढं ठेवली. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पहिलं पान सोडलं तर मास्तरांना आकडा म्हणून कुठं दिसेना. लाल आणि हिरवा त्यांच्या डोळ्यांना सारखेच होते, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःलाही त्या खोलीतच कळली. गावी येऊन त्यांनी सांगितलं, छाती मापाला भरली नाही. मग सगळीकडे तेच झालं. लग्नात धनीबाईलाही तेवढंच कळलं. मलाही खरं कारण पुष्कळ उशिरा समजलं. पण ते इथंच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं नीट उमगायचं नाही.

चोपन्न साली त्यांनी मनावर घेतलं की एक विमान करायचं. आपल्याला बसायला मिळालं नाही, निदान आपल्या हातचं एखादं उडताना डोळे भरून पाहायचं. त्याला इंजिन नाही, काही नाही. टेकडीवरून सोडलं की तरंगत जाणारं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं अंग, बांबूच्या काड्यांचे पंख आणि वरून कापड. कापड म्हणजे आमच्या ह्यांचं जुनं धोतर. सरस लावून ते असं ताणून बसवलं की टिचकी मारली तर डफासारखं वाजे.

मग सुरू झालं अस्तर. रंगाच्या आधी खाली जो हात देतात तो. खडूची भुकटी आणि पातळ सरस कालवून मास्तर कुंचल्यानं पंखावर लावत, उन्हात वाळवत, आणि झिजलेल्या पॉलिशपेपरनं जवळजवळ सगळं घासून काढत. पुन्हा लावत, पुन्हा घासत. धनीबाईचं सारवलेलं अंगण पांढरंफटक झालं.

"लावता आन् पुसता, लावता आन् पुसता," ती म्हणायची. "वैनी, या मानसानं आमची भिंत रंगवाले घेतली असती तर घर पडलं असतं, पन रंग लागला नसता."

"अस्तर अंगावर नाई ठेवाचं," मास्तर शांतपणे म्हणत. "कापडाच्या भोकात ठेवाचं. अंगावर राह्यलं तर वजन होते."

डोळे मिटून ते बोटांची टोकं पंखावरून फिरवत. कुठं सूत वर आलंय, कुठं थर जाड राहिलाय, हे त्यांना बोट सांगे. एकदा तर विमान नानाजींच्या दुकानात नेऊन तराजूत घातलं. नानाजी किराणाही विकत आणि ऑईलपेंटही. त्यांची जीभ तिखट.

"काहून मास्तर, इमानाची तरी छाती भरली का?"

दुकानातली माणसं हसली. मास्तरही हसले. विमान उचलून घरी आले आणि पुन्हा घासायला बसले.

मला वाटायचं, हे अस्तर संपायचंच नाही. माझ्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसे. पंख तर केव्हाच अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत झाला होता, तरी यांचा हात थांबेना. भूक लागलेला माणूस पानावर बसून नुसता भातच कालवत राहावा, तसं ते चाललं होतं.

शेवटी धनीबाईनंच विषय काढला. "रंग कोनता आनू?"

"पांढरंच राहू दे."

"पांढरं?" तिचे हात कमरेवर गेले. "आमच्यात पांढरं कोन नेसते, मालूम हाय ना तुमाले? नवरा मेलेली. पैलं इमान तुमचं, नवरीवानी घरातून निंगनार, आन् त्याले पांढरं? मी नाई जाऊ देनार."

"मंग निळा आन."

"निळा आभायात दिसन का? लाल आनते. लाल कोसावरून दिसते."

मास्तरांनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होते. मग पॉलिशपेपर झटकला आणि म्हणाले, "तुले आवडते तर लाल आन."

धनीबाईनंच रंग लावला. कशिदा घालणारा तिचा हात, त्यात थरथर म्हणून नाही. जवसाचं तेल आणि टर्पेंटाईन घालून मास्तरांनी रंग पाण्यासारखा पातळ करून दिला, आणि तिनं एकाच हातात पंख असा माखला की ओघळ नाही, डाग नाही. वाळल्यावर ते विमान तिच्या लग्नातल्या फेटियासारखं, म्हणजे त्यांच्या घेरदार घागऱ्यासारखं, झळझळायला लागलं. ती त्याच्याभोवती फिरून फिरून पाहत होती. मास्तर तिच्याकडे पाहत होते.

आश्विनातल्या एका रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. आम्ही दोघं, ते दोघं आणि नानाजी. खाली नजर पोचेल तिथवर ज्वारी हिरवीगार उभी होती. मास्तरांनी वारा तोंडावर घेतला, विमान डोक्यावर धरलं, उतारावर धावले आणि सोडलं.

आधी ते खाली गेलं. मग कुणी तळहात लावावा तसं अलगद सावरलं आणि ज्वारीवरून तरंगत निघालं.

"गेलं वो, गेलं!" धनीबाईनं टाळ्या पिटल्या.

"अरे वा रे पठ्ठ्या!" नानाजींची पगडी हातात आली. "ते पाहा, बाभयीच्या वर!"

आम्ही सगळे डावीकडच्या बाभळीकडे वळलो. मास्तर समोरच पाहत होते. मग उजवीकडे. मग पुन्हा समोर, डोळे बारीक करून.

नवऱ्याचा आनंद पाहायला धनीबाईनं मान वळवली आणि तिच्या टाळ्या थांबल्या.

"तुमी कुठं पाहून राह्यले?"

मास्तरांनी डोळ्यांवर तळहात आडवा धरला.

"अवो तिकडं, बाभयीकडं! एवढं लालभडक दिसून राह्यलं!"

"मले नाई दिसून राह्यलं, धने."

"काहून?"

"हिरव्यात लाल मले दिसतच नाई. दोनी एकच दिसते. तेच्यानंच घेतलं नाई मले नागपुराले."

"आन् छाती?"

"छाती भरली होती."

नानाजींनी पगडी डोक्यावर ठेवली आणि ते उगाच दुसरीकडे पाहायला लागले.

धनीबाई भांडेल असं मला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर तेही येऊन गेलं. पण विमान अजून हवेत होतं. तिनं पटकन त्यांच्या जवळ जाऊन त्यांचं मनगट धरलं, त्यांचं बोट हवेत रोखलं आणि ते विमानाच्या मागोमाग फिरवायला लागली.

"आता बाभयीच्या डोक्यावर हाय. आता पुढं गेलं. वाऱ्यानं उचललं, उचललं... घारीवानी वयून राह्यलं. थांबा, आभायात यीन आता, मंग तुमाले दिसन."

मास्तरांनी श्वास धरला होता. आम्हीही. विमान क्षितिजाच्या रेषेला येता येता पुन्हा खाली झुकलं.

"नाई आलं," ती हळूच म्हणाली. "खाली चाललं. सावकाश चाललं, पन. बसलं. ज्वारीत बसलं."

मास्तर तरीही हात खाली घेईनात.

विमान शोधायला आम्ही टेकडी उतरायला लागलो. ते दोघं पुढं, आम्ही मागं. मला वाटलं, आता धनीबाई जुनं सगळं उकरून विचारील. पण विचारत होते ते मास्तर.

"वयलं तवा कोनता पंख आधी झुकला?"

"उजवा."

"उजव्याले अस्तर जास्त राह्यलं असन," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांची बोटं हवेत पंखावरून फिरवावीत तशी फिरली. चार पावलं गेल्यावर ते थांबले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "बाभयीपासून."