शेवरीची वात

वोकोच्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहिलं की आधी खुर्ची पुढे येते. कारण पुढचा अर्धा तास ते कुठेही जाणार नसतं.

आमचं कुदुस म्हणजे लवंग घातलेल्या सिगरेटींचं गाव. निम्म्या घरांतल्या बायका कारखान्यात सिगरेटी वळतात. वोकोची आईही त्यातलीच. आणि ह्या बहाद्दराने काढलं वाफेच्या सिगरेटींचं दुकान! "मी पोट भरायला वळते, आणि हा माझ्याच पोटावर वाफ सोडतो," असं ती माऊली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आणि संध्याकाळी त्याच दुकानात त्याच्यासाठी डबाही आणून ठेवते.

वोकोची खासियत वात. यंत्रात तारेचं एक इवलंसं तापणारं वेटोळं असतं, त्यातून कापसाची वात ओवायची. घट्ट ओवली तर वाफेचा रस वर चढत नाही, वात जळते. सैल ओवली तर रस तोंडात येतो. वोको कापूस विंचरतो, कापतो, उजेडात धरून बघतो, परत विंचरतो. एवढ्या मायेने आमच्याकडे नवरीचे केसही कोणी विंचरत नाही.

"मास वोको, नमाजच्या आत होईल का?" गिऱ्हाईक विचारतं. मास म्हणजे आमच्याकडचा दादा.

"कुठल्या नमाजच्या?" वोको विचारतो. थट्टा नव्हे, त्याला खरंच वेळ ठरवायची असते.

अशा माणसाचा जीव जडला तोही कापसातच. गावाबाहेर पाक तुमिजान, म्हणजे तुमिजानकाका, शेवरीच्या कापसाच्या गाद्या भरतात. त्यांची मुलगी वेनिंग. दोन वर्षं वोको त्यांच्याकडे जात होता, आणि पाक दोन वर्षं "बघू, बघू" म्हणत होते. आमच्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, त्यामुळे माणूस आशेवरच म्हातारा होतो.

शेवटी एकदा पाकांचं खरं दुखणं बाहेर पडलं.

"वोको, तुझ्या त्या यंत्रात कापूस कुठला?"

"जपानचा, पाक."

"जपानचा! माझ्या अंगणात शेवरीची झाडं उभी आहेत आणि तू जपानहून कापूस आणतोस? मागणी घालायला येशील ना, तेव्हा माझा कापूस घालून आण. मी ओढून बघेन. मग बोलू."

वोकोचा चेहरा पडला. शेवरी पाण्यावर तरंगते, थेंब पीत नाही. तिची वात म्हणजे नुसता जळका धूर. पण ज्याच्याकडे मुलगी मागायची, त्याला हे कोण सांगणार?

"जपानचाच घाल रे," मी म्हणालो. "तारेच्या आत बघायला कोण जातंय?"

"दर्सो, सासऱ्याला पहिलीच वात खोटी घालू?"

"मग जळकी घाल."

त्याने जळकीच घातली. माझं कधी नव्हे ते ऐकलं, तेही असं.

ठरल्या दिवशी आम्ही चिकट भाताच्या गुळवड्यांचं ताट घेऊन गेलो. चटईवर पाक, त्यांचे दोन भाऊ आणि मी. आतल्या दारात वेनिंग आणि तिची आई. वोकोने यंत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. पाकांनी दमदार झुरका घेतला. डोळ्यांत पाणी, मानेची शीर टरारली, पण खोकला आतल्या आत गिळला.

"छान आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि यंत्र भावाकडे दिलं.

भावाने ओढलं. "वा," एवढंच त्याला फुटलं. धाकट्याने तर छातीवर हात ठेवून मान डोलवली. माझी पाळी आली. खोटं कशाला सांगू, मीही "मस्त" म्हणालो. घशात गादी पेटल्यासारखं झालं होतं.

यंत्र फिरत फिरत वोकोकडे आलं. त्याने नेहमीप्रमाणे सावकाश ओढलं, सावकाश खाली ठेवलं.

"जळलंय, पाक."

मी गुळवड्यांकडे बघत बसलो.

"म्हणजे माझी शेवरी वाईट?" पाकांनी विचारलं.

"नाही, पाक. ती पीत नाही, म्हणून तर तुमची गादी दमट होत नाही. माझ्या घरी तुमचीच आहे, लहानपणी मी तिच्यावर काय काय केलं, तरी उन्हात टाकली की ठणठणीत! पण वातीला प्यायलाच लागतं. तिथे शेवरी चालणार नाही. उद्या म्हणालात तरी मी दुकानात घालणार नाही."

आतून वेनिंगचं हसू ऐकू आलं. पाक तिकडे बघून गुरगुरले. मग खोकले. इतका वेळ अडवलेला सगळा खोकला एकदम बाहेर आला, आणि दोन्ही भावांनीही सुटका झाल्यासारखं खोकून घेतलं.

"पाणी आणा," पाक म्हणाले. तांब्या रिकामा केला, उठले, कोपऱ्यातला गादी मापायचा टेप घेऊन आले. "उभा राहा. लांबी किती तुझी?"

सगळ्यांना कळलं. धाकटा भाऊ तर गुळवड्यांच्या ताटात हातसुद्धा घालून बसला. पण वोकोला कळेल तर तो वोको कसला!

"नको पाक, कशाला खर्च," तो हात जोडून म्हणाला. "गादी आहे माझ्याकडे. तीच जुनी."

"अहो, ती एकट्याची आहे!" दारातून वेनिंग ओरडली.

वोको उभा राहिला. हळूहळूच.