टोपासची नात

माझ्या आजाच्या डोक्यावर बांधलेला फेटा क्लासच्या सरांनी चारशे पोरांसमोर उतरवला. मी तिसऱ्या बाकावर होते. वही उघडली आणि मान खाली घातली.

लातूरचा क्लास. भूकंपात गाव भुईसपाट झालं, तेव्हापासून आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. तिथून रोज एसटीनं मी बारावीच्या क्लासला यायचे. एकदा क्लासच्या सरांनी जुन्या सैनिकांचा सत्कार ठेवला. कुणाच्या घरात कुणी लढाईवर होतं का, म्हणून विचारलं. मीच हात वर केला. म्हणाले, माझा आजा दुसऱ्या महायुद्धात आरमाराच्या जहाजावर होता. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. तसं कौतुकानं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

आजा धुतलेलं धोतर नेसून आला. ढिगाऱ्यातून निघालेल्या पेटीतला नोकरीचा कागद सोबत आणला. त्याला स्टेजवर खुर्ची दिली, गुलाबी फेटा बांधला. पाहुणे म्हणून नौदलातले एक निवृत्त साहेब आले होते. त्यांनी कागद वाचला आणि सरांकडे झुकले. माइक चालू होता.

"हा टोपास आहे. जहाजावर संडास धुणारा. सैनिक नव्हे."

कुणीतरी हसलं. मग सगळेच. सर गोड आवाजात म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा खाली बसा. फेटे मोजकेच आहेत." आजाच्या डोक्यावरचा फेटा अलगद उचलून त्यांनी शेजारच्या माणसाला दिला. त्यानं तो आधी झटकला, मग डोक्यावर ठेवला.

आजा उतरला. दाराशी चपला काढल्या होत्या तिथं जाऊन बसला. पोरांच्या गर्दीत मला शोधत होता. मी बाकाखाली वाकले, पेन पडल्यासारखं केलं. मला लाज वाटली. सरांची नाही, आजाची. हे लिहिताना आजही माझा मला संताप येतो.

परतताना एसटीत मी विचारलं, "खरंच संडास धुवायचास?"

"हाव. मुंबईला भरतीला गेलो, त्यानी जात इचारली अन् बादली दिली. गोऱ्याचे धुतले, आपल्या लोकाचे बी धुतले." त्यानं नोकरीच्या कागदाची घडी घातली. "ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला जपान्यांची इमानं आली तवा मला खाली दारूगोळ्याच्या कोठीत उभं केलं. गोळे उचलून वर देत ऱ्हायलो. हात सोलले. तवा न्हाई कुणी जात इचारली. तोफा थांबल्या की पुन्हा बादली."

"मग त्यांना हे सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुणी?" आजा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "अन् तू बी कुठं उठलीस?"

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

बारावीला मी गुणवत्ता यादीत आले. दुसऱ्याच दिवशी सर फोटोग्राफर घेऊन आमच्या शेडवर हजर. खोक्यात गुलाबी फेटा. आजा बाजेवर बसला होता. या वेळी सर त्याच्या पाया पडले.

"चौकात मोठा बोर्ड लावू," सर म्हणाले. "तुझा फोटो. खाली, महायुद्धातल्या नौसैनिकाची नात."

मी म्हणाले, "टोपासची नात लिहा. संडास धुणाऱ्याची, तेही लिहा. माझ्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"बेटा, ते बरं दिसत नाही. जुनं कशाला उकरायचं?"

"मग फोटो लागणार नाही."

"आणि हा फेटा?"

"त्या दिवशीच्या माणसाला नेऊन द्या. झटकून घेईल तो."

बोर्ड लागला. त्यावर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आजा एवढंच म्हणाला, "उठलीस." मी त्याची माफी मागितली नाही. मागून फिटणारी ती गोष्ट नव्हती.

आज मी नांदेडला कॉलेजात शिकवते. सत्कार-समारंभांची बोलावणी येतात. माझा परिचय मीच लिहून देते, आणि त्याची पहिली ओळ टोपासची असते. आयोजक हळूच ती ओळ गाळतात. मग मी माइक हातात घेते आणि आधी तीच वाचते. हसणारे अजून हसतात. हसू देत. मी खुर्ची सोडत नाही.