नवरदेवाची उंची आणि मामाचं भाषण

चहा येईपर्यंत ऐकून घ्या, नंतर हे सांगायचं धाडस मला होणार नाही. भाचीचं लग्न मी माईक हातात घेऊन जवळजवळ मोडलं. मी, सख्ख्या मामाने!

डोंबिवलीतला हॉल पाहुण्यांनी भरलेला आणि लग्न लावणारे बौद्धाचार्य शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. लोक चुळबुळ करायला लागले तशी ताई माझ्याकडे आली. "दीपक, तू प्रोफेसर ना? जा, दोन शब्द बोल. शुभेच्छा दे आणि उतर."

आता मी ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात वर्गात विषय चालला होता, एकाच जोडीदारासोबत राहणं माणसाला निसर्गतः जमतं का. लग्नात बोलायला याहून योग्य विषय कुठला, तुम्हीच सांगा. माझा बेत साधा होता. आधी म्हणायचं, निसर्गाने हे आपल्याला आयतं दिलेलं नाही. मग म्हणायचं, पण म्हणूनच ही मुलं आज जी प्रतिज्ञा घेणार ती मोठी. की टाळ्या.

"ज्या प्राण्यांत नर मादीपेक्षा बराच थोराड असतो," मी सुरुवात केली, "तिथे तो सहसा एकीवर थांबत नाही."

सगळ्या माना एका बाजूला वळल्या. मीही वळून पाहिलं. नवरदेव अनिकेत सहा फुटी, जिममध्ये कमावलेला. आमची प्राची हील्स घालूनही त्याच्या खांद्याला.

सावरायला गेलो, तीच चूक. "माणसात हा फरक तसा मध्यम आहे. शिवाय सगळीकडचे लोक सारखे नसतात. कुठे तो कमी, कुठे जास्त…"

"म्हणजे आमच्याकडे जास्त?" नवरदेवाची आत्या उभी राहिली. "पोराला जनावर म्हणताय काय?"

"तसं नाही हो, पण…"

त्या 'पण'च्या पुढेच तर माझं सगळं भाषण होतं! तेवढ्यात ताईने माईक ओढून घेतला. मागच्या रांगेत बातमी पोचली, मुलाचं बाहेर काहीतरी आहे, मामाने शोधून काढलं. जेवणाच्या टेबलांपर्यंत जाईस्तोवर त्याला कल्याणात एक बायकोही झाली होती.

प्राची स्टेजवरून खाली आली. डोळे भरलेले. "मामा, तुला याच्याबद्दल काय कळलंय? आत्ताच सांग. एकदा प्रतिज्ञा घेतली की मी काय करू?"

मी हादरलो. मला तर त्याचं आडनावही धड आठवत नव्हतं. पण तोंडातून निघालं, "तसं नाही गं, पण…" आणि अशा वेळी 'पण' म्हणणारा मामा म्हणजे पुरावाच की.

"मामा, उंच आहे यात माझी काय चूक?" अनिकेत रडकुंडीला आला होता.

शेवटी माझी बायको संध्या उठली आणि तिने ताईकडून माईक घेतला. "यांना कुणाबद्दल काही कळलेलं नाही. हे घरी भाजी निवडतानाही असंच बोलतात. पंचवीस वर्षं ऐकतेय मी. मला सोडून कुठे गेले नाहीत. जातील कुठे? हे सगळं ऐकून घेणारी दुसरी मिळायला नको?"

हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने आत्या. डोळे पुसता पुसता प्राचीही हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने बौद्धाचार्यही आले. मिथ्याचार, म्हणजे बाहेरख्यालीपणा, करणार नाही, ही प्रतिज्ञा अनिकेतने खणखणीत आवाजात घेतली. प्राचीकडे नाही, माझ्याकडे बघून.

मग फोटो. वधूवरांशेजारी आम्ही दोघं उभे राहिलो. मी संध्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

फोटोग्राफर म्हणाला, "सर, पायाखाली काही देऊ का? मॅडम जास्त उंच दिसतायत."

"राहू दे," संध्या म्हणाली. "मघाशी भाषण ऐकलं नाहीस का? मला हे एवढेच बरे."