बावीस नॉट

"साहेब, वर घ्या! गो अराउंड, गो अराउंड!"

रेडिओवर ओरडणारा मी, हवालदार भांगरे. वेळ दुपारचे तीन चाळीस. समोर नगरबाहेरच्या माळावरची आमची कच्ची धावपट्टी आणि तिच्यावर तिरकं होत उतरणारं दोन आसनांचं छोटं विमान. आत एकटे कॅप्टन साळवे.

आधी त्या पोस्टिंगचं सांगतो. धावपट्टी, पत्र्याची शेड, वारा मोजायचं यंत्र आणि मी. सकाळी सहाला ट्रक मला सोडायचा, संध्याकाळी सहाला न्यायचा. मधे बोलायला कोणी नाही. तिथल्या एका घोरपडीला मी सॅल्यूट शिकवला होता. परेडही करू लागली असती, पण तिची बदली झाली.

माझं काम एवढंच: विमान उतरायला आलं की रेडिओवर वाऱ्याचा वेग सांगायचा, नॉटमध्ये. पहिल्या आठवड्यात खरा आकडा सांगितला.

"बारा नॉट, साहेब."

"रॉजर."

संपलं. दिवसभरात माणसाचा एक शब्द, तोही इंग्रजी.

मग एकदा म्हणालो, "चोवीस नॉट, साहेब. आमच्या अकोल्यात असा वारा सुटला की कोंबडी अंडं घालती घरी, अन् ते सापडतं राहात्याला."

वरून साळवे साहेबांचं हसू आलं. "भांगरे, तुझं निम्मं धरतो."

उतरल्यावर ते शेडमध्ये चहाला थांबले, कोंबडीचं पुढं काय झालं ते ऐकायला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. मी दुप्पट सांगायचो, साहेब निम्मं करायचे. रजिस्टरमध्ये मात्र मी खराच आकडा लिहायचो.

त्या विमानाला आडवा वारा पंधरा नॉटपर्यंतच झेपायचा. त्या दुपारी यंत्रावर बावीस होता, डावीकडून. आमच्या हिशेबानं मी चव्वेचाळीस म्हणायला हवं होतं. पण यंत्राचा काटा बघून माझी गंमत आटली आणि तोंडातून खरं गेलं.

"बावीस नॉट, साहेब. डावीकडून. खरं सांगतोय."

"ते तू रोज सांगतोस. म्हणजे अकरा. चहा टाक."

तेव्हा मला चूक कळली. ओरडलो, तोवर चाकं जमिनीजवळ आली होती. डावा पंख उचलला गेला, उजवा जमिनीला लागला, विमान उलटलं. मी धावलो. चारशे पावलं. यात मी एकही वाढवलेलं नाही. बेल्ट कापला. नाडी लागली नाही. साहेबांचं वय अठ्ठावीस.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी आमची पद्धत सांगितली. कोणी हसलं नाही. शिक्षा झाली, ती भोगली.

आता गावी एकटाच असतो. गोष्टी अजून सांगतो. घोरपड हल्ली सुभेदार मेजर झाली आहे. वाऱ्याची गोष्ट तेवढी सांगत नाही.

ती एकदाच सांगितली. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात श्रीरामपूरला गेलो, साहेबांच्या वडिलांकडे. निवृत्त शिक्षक, घरात ते एकटेच. समोर बसून सगळं सांगितलं. चोवीस, बावीस, चव्वेचाळीस, अकरा. शेवटी म्हणालो, "गुरुजी, मी कायम खोटं बोलायचो, म्हणून त्यांनी निम्मं धरलं."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"घरी आला की तो तुमच्या गोष्टी दुप्पट करून सांगायचा," ते म्हणाले.